निवळ्यांचा कोंडीबा

सांगलीहून माधवनगरला जाताना, गिरण्यांच्या थोडं अलीकडे, चौसष्ट साली एक बर्फाचा कारखाना होता. आता तिथे खताचं गोदाम आहे, तेव्हा शोधायला जाऊ नका. कारखाना सुकुमार आण्णांचा. आण्णा जैन. त्यांची आई राजमती-अक्का तर इतक्या कडक की दिवस मावळला की पाण्याचा तांब्याही शिवायच्या नाहीत. आता गंमत बघा. त्यांच्या शास्त्रात बर्फ खायचा नाही, एकेका खड्यात असंख्य जीव असतात म्हणून. आणि पोरगा रोज शंभर लाद्या काढणार. अक्का यावर गप्प बसल्या असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वर्षभर बोलत होत्या. शेवटी मायलेकांत तडजोड झाली. तापाच्या माणसासाठी कुणी बर्फ मागायला आलं, तर तो धर्म म्हणून द्यायचा, एक पैसा घ्यायचा नाही. मग अक्कांचा जीव जरा निवांत झाला. त्या बर्फाला आम्ही सगळे 'तापाचा बर्फ' म्हणायचो.

तापाचा बर्फ फोडून द्यायचं काम कोंडीबा होवाळाकडं होतं. नुसतं द्यायचं नव्हे. मागायला आलेलं माणूस घाबरलेलं असायचं, बर्फ कपाळावर कसा धरायचा हे त्याला ठाऊक नसायचं, म्हणून कोंडीबा गोणपाटात ढेकूळ घेऊन त्याच्यामागनं घरापर्यंत जायचा. हे आण्णांनी सांगितलेलं नव्हतं. आण्णांनी मनाई केली नाही, एवढंच.

कोंडीबा मूळचा उंब्रजकडचा. अंगानं काडी, आवाज मात्र दोन माणसांचा. मिठाच्या पाण्यात रोज बुडून त्याचे हात कोपरापर्यंत पांढरट, चिरा पडलेले. सत्तावन्न साली गावाकडं त्यानं धम्माची दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून नदीत सोडले आणि आईला सांगितलं, "आये, आजपास्नं ह्या हातानं शेंदूर शिवणार न्हाई." तेव्हा वय पस्तीस आणि अक्षर एक येत नव्हतं. पुढं चार वर्षांत तो वाचायला शिकला. बर्फाचे तुकडे गुंडाळायला कारखान्यात रद्दी यायची, तिच्यात शाळेची फाटकी पुस्तकं असायची. ती त्याची शाळा. शिकला तो असा शिकला की माधवनगरच्या त्यांच्या वस्तीत, पत्र्याच्या विहारात, पौर्णिमेला ग्रंथ वाचायचा मान त्याच्याकडं आला. या मानाला हसू नका. बापाला शाळेच्या पायरीवर बसू दिलं नव्हतं, आणि हा चौरंगापुढं मांडी घालून वाचायचा आणि साठ-सत्तर माणसं ऐकायची. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो दाढी करायचा, आणि कारखान्यात त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, कारण तो ओठातल्या ओठात पान घोकत असायचा.

तर असा हा माणूस. आणि याच माणसानं, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, आमच्याकडं एक नवा देव बसवला.

झालं असं. बर्फ कसा करतात ते आधी सांगतो. मोठी टाकी, तिच्यात मिठाचं पाणी. त्यात पत्र्याचे उंच डबे उभे बुडवलेले, डब्यांत गोडं पाणी. यंत्र मिठाचं पाणी एवढं गार करतं की डब्यातल्या गोड्या पाण्याचा दगड होतो. पण मिठाचं पाणी स्वतः गोठत नाही. वर लाकडी झाकणं, खाली ते काळं, संथ पाणी हलत असतं. कोंडीबाला याचं लय कौतुक. त्यात रद्दीत भूगोलाचं पुस्तक सापडलं. उत्तर ध्रुवाजवळ समुद्र वरनं गोठतो आणि खाली पाणी वाहतं राहतं, असं त्यात छापलेलं. कोंडीबानं ते पान दहादा वाचलं आणि शेजारी लाद्या ओढणाऱ्या गड्याला विचारलं, "मग खाली कोण ऱ्हात आसंल?"

"कोण ऱ्हाणार? मासं."

"नुसतं मासंच कशापायी?"

झालं. तिथनं निवळे आले.

निवळे म्हणजे निवळलेल्या पाण्यासारखी माणसं, आरपार दिसणारी. बर्फाच्या छपराखाली त्यांची गावं. चूल नाही, कारण विस्तव कसला पेटणार. एकमेकांना भेटली की हाताच्या पाठीला हाताची पाठ लावतात, तळवा लावला तर समोरच्याला भाजतं. तिथं विहीर नाही, सगळं पाणी सगळ्यांचं. आणि बर्फाखाली सावली पडत नाही. त्यामुळं अमक्याची सावली तमक्यावर पडली ही भांडणं त्या गावांत कधी झालीच नाहीत. हे सांगताना कोंडीबा आवाज वाढवायचा नाही की कुणाकडं बघायचा नाही. सांगायचा आणि पुढं जायचा. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

मग ते कुणाला दिसत का नाहीत? तर एकदा ते वर आले होते. किनाऱ्यावरच्या माणसांनी पाहुणचार केला, बसायला दिलं, आणि मग विचारलं, "तुमी कुणातलं?" निवळ्यांना प्रश्नच समजला नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते उठले आणि खोल गेले. तेव्हापासनं लाजरे झाले. नुसती चौकशी केली तरी खाली जातात.

या गोष्टीचा त्याला तापाच्या कामात फार उपयोग झाला. तापलेलं पोर कपाळावर बर्फ ठेवून घेत नाही, मान झटकतं, आईला बोचकारतं. कोंडीबा उशाशी बसायचा, बर्फाची थैली कपाळावर टेकवायचा आणि सांगायचा, "हलू नगंस. निवळ्याचा हात हाय. लय लांबनं आलाय. हललीस तर भिऊन पळंल." पोर डोळे मोठे करून निपचित पडायचं. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. तोवर कोंडीबा त्यांच्या गावातल्या लग्नाची नाहीतर भांडणाची हकिगत सांगत बसायचा. डॉक्टरचं औषध एकीकडं चालू असायचंच. ताप उतरायचा.

पोरांना कळत होतं की ही गोष्ट आहे. पण त्या खोलीत पोरांच्या आयाही असायच्या.

भामाबाई ही गिरणी कामगाराची बायको, कारखान्यामागच्या चाळीत राहायची. तिची हरणी, सात वर्षांची, चैत्रात तापानं फणफणली होती. कोंडीबा चार दिवस बर्फ घेऊन गेला, पाचव्या दिवशी ताप उतरला. सहाव्या दिवशी भामाबाई डोक्यावर पदर घेऊन, ताटात दहीभात घेऊन कारखान्याच्या दारात उभी.

"कुणासाठी हे?" कोंडीबानं विचारलं. त्याला वाटलं आपल्यासाठीच.

"त्यास्नी."

"कुणास्नी?"

भामाबाई लाजली. "आवं, नाव कसं घिऊ? खोल जातील न्हवं. गार करून आणलाय भात. ऊन त्यास्नी चालत न्हाई."

कोंडीबानं कपाळाला हात लावला. त्यानं तिला नीट समजावलं, की ही आपली पोरीला गप बसवायची गोष्ट. भामाबाईनं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि कारखान्यामागं जिथं यंत्राचं पाणी पडून चर झाला होता तिथं भात ठेवून गेली.

आमच्याकडच्या बायकांचं डोकं कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. इथं नदीला, विहिरीला साती आसरा असतात; पाण्यातल्या बाया, सात दगड मांडून पुजायच्या. आणि श्रावणात शितळासप्तमीला चूल पेटवायची नाही, गार नैवेद्य दाखवायचा. निवळे पाण्यातले, निवळ्यांना चूल नाही. मग आणखी पुरावा काय पाहिजे? आठ दिवसांत नळावर निकाल लागला: निवळे हे आसरांच्या माहेरची माणसं. चरापाशी सात दगड आले. दगडांना शेंदूर लागला. नैवेद्य मंगळवारी की शुक्रवारी यावरनं चाळीतल्या दोघींची बोलाचाली बंद झाली, ती पुढं पाच वर्षं होती.

कोंडीबा रोज सकाळी काथ्या घेऊन शेंदूर खरवडायचा. ज्या हातानं शिवणार नाही म्हणाला होता त्याच हातानं. संध्याकाळी दगड परत लाल. कारखान्यासमोरच्या हॉटेलात आम्ही त्याला छळायचो.

"काय कोंडीबा, आज देवाची आंघोळ झाली वाटतं?"

"चा द्या निस्ता."

"आरती कवा?"

"तुमच्या बाराव्याला," कोंडीबा म्हणायचा आणि बशीत फुंकर मारायचा.

मग त्यानं एक फळी घेतली, डांबरानं तिच्यावर ठळक अक्षरांत 'इथे देव नाही' असं लिहिलं आणि दगडांमागं ठोकली. अक्षर वळणदार होतं हो. दोन दिवसांनी बघतो तर फळीलाच हळदीकुंकू. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाटलं, नाव लिहिलंय. ज्यांना येत होतं त्या म्हणाल्या, बरोबर आहे, देव नाहीतच ते, देवाचे पाहुणे आहेत.

सुकुमार आण्णांचीही पंचाईत झाली होती. त्यांच्या देवळात लोक विचारायला लागले, "काय सुकुमार, कारखान्यात कुठला देव बसवलास म्हणं?" घरी अक्कांनी तोंड फिरवलं. आण्णा तावातावानं कारखान्यात आले.

"कोंडीबा, तुझे देव तू आवर बघू."

"आण्णा, माझं देव न्हाईत ते. माझी माणसं हायेत."

"मग माणसांना सांग की नारळ घेऊ नका म्हणून."

"ती घीत न्हाईत आण्णा. तुमचा रखवालदार घेतो."

हे खरं होतं. रखवालदाराचं अंग त्या उन्हाळ्यात चांगलंच भरलं.

पण चेष्टा चेष्टेपुरती. खरी गाठ वस्तीत होती. विहाराचा कारभार सुभेदारांकडं. ते होते हवालदार, पेन्शनीत आल्यावर वस्तीनं बढती दिली. सरळ कणा, पांढऱ्या मिशा, बोलणं पलटणीतलं. त्यांनी कोंडीबाला घरी बोलावलं, बसायला सांगितलं नाही.

"रिपोर्ट आलाय. खरा हाय?"

"दगड मी न्हाई मांडलं."

"तोंडातनं तर तुझ्याच निघालं."

"गोष्ट हुती सुभेदार. पोरांनी औषिद घ्यावं, गप पडावं म्हणून."

सुभेदार खिडकीकडं बघत म्हणाले, "आपल्या म्हाताऱ्यांनी देव सोडताना काय भोगलं तुला ठावं हाय. माझी बायको सा म्हैनं रडत हुती. आन आता लोक म्हणत्यात, बघा, ह्यांनी जुनं सोडलं आन नवं काढलं. वर चौरंगाफुडं बसून वाचणारा तोच." मग आवाज खाली आणला. "आषाढी पुनवंला वर्षावास सुरू. तीन म्हैनं रोज वाचन. त्याच्या आत हे बंद झालं पायजे. न्हाई झालं तर चौरंगाफुडं दुसरा बसंल. ही आर्डर हाय, कोंडीबा. रागानं न्हाई सांगत."

वर्षावासाचं वाचन म्हणजे कोंडीबाचं वर्ष. बाकीचे नऊ महिने तो त्या तीन महिन्यांसाठी जगायचा, असं त्याची बायको शालूबाई म्हणायची. ती जरा खट्टू होऊनच म्हणायची, पण म्हणायची.

कोंडीबानं दुसऱ्या दिवसापासनं गोष्ट बंद केली. पोरांना नुसता बर्फ. पोरं हात झटकायला लागली, तो मुकाट्यानं परत ठेवायचा. मग त्यानं अजून एक धाडस केलं. भामाबाईला कारखान्याच्या आत नेलं, जिथं बाईमाणसानं कधी पाऊल टाकलं नव्हतं, टाकीवरची चार झाकणं उचलली आणि म्हणाला, "बघा. डोळं फाडून बघा. मिठाचं पाणी आन पत्र्याचं डबं. कोण दिसतंय?"

भामाबाई वाकून बघत राहिली. गारठ्यानं तिचे दात वाजायला लागले.

"कोण न्हाई," ती म्हणाली.

"हां. मग?"

"आपण आलो म्हणून खाली गेलं आसतील. लाजरं हायेत न्हवं." आणि दोन्ही हात जोडून तिनं टाकीला नमस्कार केला.

मला विचाराल तर चूक कोंडीबाचीच. माणसानं देव रचावेत, पण इतके लाजरे रचू नयेत. दिसले तर आहेत, नाही दिसले तरी आहेत. नाकारायला जागाच ठेवली नव्हती त्यानं.

ज्येष्ठ अर्धा सरला. पाऊस हुलकावण्या देत होता, उकाडा मी म्हणत होता. एके दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला रखवालदार धावत आत आला, "कोंडीबा, मागं चल." कोंडीबा मागं गेला तर चराकाठी, दगडांपुढं, गोधडीवर हरणी. डोळे अर्धे मिटलेले, ओठ काळे, अंगातनं आग निघत होती. भामाबाई तिच्या तोंडावर चरातलं पाणी शिंपडत होती.

"किती दिस झालं?"

"नऊ."

"डाक्टर?"

"बाटली दिलती. चार दिस दिली. मग म्हणलं, गेल्या वक्ताला ह्यांनीच बरं केलं, मग ह्यांच्याच पायाशी घालावी. बाटली बंद केली. दोन औषिदं एकमेकाला लागत न्हाईत."

कोंडीबा खाली बसला. त्यानं हरणीच्या पोटाला हात लावून बघितला, ते फुगलेलं होतं. तापाच्या घरांत चार वर्षं हिंडलेला माणूस. त्याला काय ते समजलं.

"भामाबाई, उठा. मिरजंला न्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

"न्हाई. हितनं हलवायची न्हाई."

"आवं, ऐका माझं. निवळे न्हाईत. मी रचलं ते. भूगोलाचं पुस्तक वाचून रचलं. माझ्या पोटच्या पोरीची आण घिऊन सांगतो, कोण न्हाई तितं."

भामाबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, उलट त्यालाच समजून घेत होती. "तुमी असंच म्हणणार. कुणी ईचारलं की ते खोल जात्यात, म्हणून तुमाला न्हाई म्हणावंच लागतंय. मी कुणाला सांगत न्हाई, दादा. तुमी निस्तं त्यास्नी सांगा, पोरगी आलीया म्हणावं."

आता गर्दी जमली होती. लाद्या ओढणारे गडी, चाळीतल्या बायका, हॉटेलातनं उठून गेलेले आम्ही. आण्णाही आले. कुणीतरी म्हणालं, उचला पोरीला जबरदस्तीनं. एक गडी पुढं झाला तशी भामाबाई पोरीवर पालथी पडली. तिचा नवरा गिरणीत पाळीवर, त्याला आणायला माणूस गेला होता. पोरगी कण्हायचीही थांबली होती.

कोंडीबा उभा राहिला. त्याच्या तोंडाकडं मी बघत होतो, म्हणून सांगतो: त्या माणसाला तेव्हा दोनच वाटा दिसत होत्या आणि दोन्हीकडं त्याचंच काहीतरी जाणार होतं. खरं बोलून झालं होतं. खऱ्यानं काम झालं नव्हतं. राहिलेली वाट कुठली, ते त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं असणार, कारण तो एकदम घामाघूम झाला.

तो वळला आणि कारखान्यात गेला. थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा दोन्ही हात खांद्यापर्यंत ओले होते, थंडीनं निळे पडलेले. सावकाश चालत तो भामाबाईपुढं आला, बसला आणि हरणीच्या गालाला हाताची पाठ लावली.

"ईचारलं," तो म्हणाला.

"काय म्हणालं?" भामाबाईनं विचारलं.

"म्हणालं, आमच्या हातात गारवा हाय, औषिद न्हाई. पोरीला मिरजंला न्या. डाक्टर सांगंल तेवढं दिस ठेवा. बाटली बंद करू नगा. आन हितं परत नारळ आणू नगा, आमाला तरास हुतो."

भामाबाई तटकन उठली. पदर खोचला आणि पोरीला उचलून म्हणाली, "चला."

आण्णांनी बर्फाची लॉरी काढली. मागं गोणपाट, भुसा आणि अर्धी लादी, तिच्याशेजारी भामाबाई पोरीला मांडीवर घेऊन बसली. कोंडीबा हरणीच्या कपाळावर थैली धरून. लॉरी धुरळा उडवत गेली आणि आम्ही हॉटेलात परत येऊन चहा मागवला. चहा येईपर्यंत कुणी बोललं नाही, हे आमच्या बाबतीत नवलच.

मिरजेच्या डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला. दोन दिवस उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं, असंही म्हणाले म्हणे. हरणी तीन आठवडे तिथं होती.

इकडं मात्र बातमी फिरली की कोंडीबा होवाळाच्या अंगात निवळे येतात. कुणी फिरवली ते विचारू नका. हॉटेलात माणसं येतात, तोंड काय शिवून बसायचं? एवढं कबूल करतो की 'हात निळे पडले होते' हे मी चार ठिकाणी सांगितलं, आणि चौथ्या ठिकाणी निळेपणा जरा वाढला होता. कारखान्याच्या दारात बायका यायला लागल्या. एकीला मूल होत नव्हतं, एकीचा नवरा परागंदा होता. कोंडीबा हात जोडून सगळ्यांना एकच सांगायचा, "मी खोटं बोललो हुतो. माझ्याकडं काय न्हाई." बायका म्हणायच्या, मोठी माणसं असंच बोलत्यात.

हरणी परत आली तेव्हा तिचे केस कापलेले होते. आईबरोबर कारखान्यात आली. भामाबाईनं नारळ आणला नव्हता. हुकूम पाळला होता तिनं. कोंडीबा हरणीपुढं उकिडवा बसला.

"हरणे, तुला एक सांगायचं हाय. त्ये निवळं मीच रचलं हुतं."

"मला म्हाईत हाय," हरणी म्हणाली.

"कवापास्नं?"

"पयल्यापास्नं. तुमच्या थैलीतनं पाणी गळायचं की माझ्या कानात." मग जरा थांबून तिनं विचारलं, "त्या लग्नातली नवरी परत सापडली का न्हाई?"

भामाबाईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं. "ल्हान तोंडी बोलू नगंस. त्यास्नी ऐकू जातंय."

आषाढी पौर्णिमा आली. दगड अजून तिथंच होते, लालही होते. पाऊस पडत होता. विहारात पत्र्याचा आवाज एवढा की शेजारच्याचं ऐकू येईना. तिथं मी नव्हतो, पण तिथं असलेल्या तीन माणसांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि तिन्हींत हे एवढं सारखं आहे:

कोंडीबा आला, दाढी केलेली, हातात फडक्यात गुंडाळलेला ग्रंथ. चौरंगापाशी गेला, पण बसला नाही. ग्रंथ चौरंगावर ठेवून तसाच उभा राहिला.

"सुभेदार, तुमी आर्डर दिलती. माझ्यानं बंद झालं न्हाई. उलट मी भर घातली. सगळ्यांफुडं खोटं बोललो. चुकून न्हाई, समजून."

सुभेदारांनी विचारलं, "पोरगी?"

"हाय. चालती-बोलती हाय."

"मग ते खोटं एकदाच हुतं. परत बोलणार न्हाईस, असं हितं सांग. बस आन वाच."

बाहेर निघायची वाट सुभेदारांनीच उघडली होती, आणि सगळ्यांना वाटलं सुटला. कोंडीबा ग्रंथाचं फडकं नीट करत राहिला.

"कोंडीबा, ईचारलं मी."

"परत तशी पोरगी फुडं आली," कोंडीबा म्हणाला, "आन दुसरा विलाज नसला, तर बोलीन. न्हाई बोलणार असं म्हणलो तर ते आज हितं दुसरं खोटं हुईल."

सुभेदारांनी मिशीला हात लावला. मग म्हणाले, "मग चौरंगाफुडं बसता यायचं न्हाई तुला."

"ठावं हाय. म्हणून तर ग्रंथ घिऊन आलो." आणि तो मागं जाऊन दारापाशी, चपलांशेजारी बसला.

आता वाचणार कोण? वस्तीतली शिकलेली दोन पोरं पुण्याला नोकरीला. सुभेदारांना उर्दू अक्षर येत होतं, मराठी अडखळत. सगळे इकडंतिकडं बघायला लागले. तेवढ्यात बायकांतनं शालूबाई उठली. कोंडीबा घोकताना तिनं ऐकलेलं, मग पाटीवर गिरवलेलं, वर्षभर नवऱ्याशेजारी बसून वाचायला शिकलेली. बाई कधी चौरंगापुढं बसली नव्हती. सुभेदारांनी मान डोलावली. ती बसली, फडकं सोडलं आणि पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत 'प्रव्रज्या' असा शब्द आला आणि ती थांबली.

एकदा म्हणून बघितलं, जमलं नाही. दाराकडं बघितलं. कोंडीबा मान खाली घालून बसलेला. शालूबाई बोट त्या शब्दावर ठेवून बसून राहिली, पुढं जाईना.

शेवटी सुभेदार खाकरले. "कोंडीबा, शब्द सांग तिला. वाचायचं न्हाई म्हणलंय. शब्द सांगाया बंदी न्हाई."

कोंडीबानं दारातनं तो शब्द सांगितला. त्याच्या त्या दोन माणसांच्या आवाजात.

तीन महिने असंच चाललं. रोज शालूबाई वाचायची, रोज आठ-दहा शब्दांना अडायची, आणि रोज दाराजवळनं कोंडीबा ते सांगायचा. लोकांनाही सवय झाली. ती थांबली की सगळ्यांच्या माना आपोआप मागं वळायच्या. आता एक सांगतो, पण माझं नाव पुढं करू नका. त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारी हौसाबाई होती, ती म्हणायची, "शालू सांजच्याला घरी हीच पानं वाचती. खडाखडा वाचती गं, कुठं म्हणून अडत न्हाई."